जहाजं फुटणाऱ्या किनाऱ्याचं चित्र आणि आपले शिबल्याचे गोटे

फळाखडू (धागाकर्ता):

मंडळी, एका चित्रावरून आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. माझा तट लहान आहे, म्हणून कुमक मागायला इथे आलो.

चित्र आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याचं आहे, जायंट्स कॉजवे नावाच्या जागेचं. सुझॅना ड्रुरी या चित्रकर्तीने १७३९-४० च्या सुमारास काढलेलं. एकच जागा पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून, अशी जोडी आहे. ही जोडी बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे. चर्मपत्रावर ग्वाश, म्हणजे आपली पोरं ज्या पोस्टर कलरच्या बाटल्या सांडतात त्याच जातीचा अपारदर्शक रंग. रुंदी दोन-सव्वादोन फूट असेल. तेवढ्यात तिने समुद्रात उतरत गेलेले दगडी खांब असे काढलेत की त्यांच्या माथ्याच्या बाजू मोजाव्याशा वाटतात. मागे उंच कडे. आणि दगडांवर फिरायला आलेली नीटनेटक्या कपड्यांतली माणसं.

मी यातलं पूर्वेकडचं चित्र वणीहून ए-थ्री कागदावर रंगीत छापून आणलं आणि एलिमेंटरीला बसणाऱ्या पोरांसमोर लावलं. निसर्गचित्र काढा म्हटलं की आमच्याकडे वर्गच्या वर्ग दोन डोंगर काढतो, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, आकाशात चारचे आकडे म्हणजे पक्षी. खिडकीबाहेर पऱ्हाटी आणि तूर उभी असते, तिच्याकडे कोणी मान वळवत नाही. समोरचं बघून काढणं म्हणजे काय, एवढंच मला दाखवायचं होतं.

पोरांनी समुद्राची दखलच घेतली नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे त शिबल्याचे गोटे व्हय!" मग सगळा वर्ग उठून चित्राजवळ. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: आमच्या झरी-जामणी तालुक्यात शिबला-पार्डीकडे असाच खांबांचा काळा बसाल्ट उघडा पडलाय. पेपरात त्याच्या बातम्या आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून पोरं तिथे गुरं घेऊन जातात.

इथवर सगळं झकास. मग इतिहासाच्या मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "या किनाऱ्यावर हजाराच्या वर माणसं एका रात्रीत बुडाली आणि तुमची बाई सहलीला आलेली मंडळी रंगवते. हे चित्र नाही, कॅलेंडर आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं, तिने दगड जसा होता तसा काढला आणि ते सोपं नाही. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडी_ठेचा:

सर, आमच्या गावी नाल्याले पूर आला का पोट्टे "समुंदर आला, समुंदर आला" करत पुलावर धावते. त्याहीले थेच काढाले सांगा. बाकी चालू द्या, वाचून राह्यलो.

निळाई:

मी तुमच्या मॅडमच्या बाजूने. चित्र स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. हात पक्का आहे, नजर तर त्याहून पक्की. पण किनारा म्हणजे नुसता दगड नव्हे.

इंग्रज चित्रकार टर्नर आठवा. स्कॉटलंडजवळच्या स्टाफा बेटावरही हेच बसाल्टचे खांब आहेत. त्याने १८३२ मध्ये त्या बेटाचं चित्र प्रदर्शनात मांडलं. खांब शोधून सापडत नाहीत, गुहा धड दिसत नाही. वादळी आकाश, खाली आलेला सूर्य, एक इवलीशी आगबोट आणि तिचा आडवा पसरलेला धूर. समुद्र मात्र अंगावर येतो. ड्रुरीकडे सगळं दिसतं आणि कशाचीच धास्ती वाटत नाही. जिथे माणसं मेली ती जागा बघताना पोटात कालवायला नको का? तुम्ही पोरांना "बघून काढा" शिकवताय ते बरोबर, पण बघणं डोळ्यांपाशी थांबवू नका.

फळाखडू:

टर्नर वर्गात लावला तर पोरं म्हणतील, सर, रंग सांडला.

निळाई:

सांडू दे की. तिथूनच सुरुवात होते.

जुनीपानं:

आधी जहाजाची हकीकत नीट सांगतो, मग भांडा.

स्पेनच्या आरमाराची १३० जहाजं १५८८ मध्ये इंग्लंडवर चालून गेली. लढाई फसली आणि आल्या वाटेने परतणं अशक्य झालं, म्हणून उत्तरेकडून स्कॉटलंड आणि आयर्लंडला वळसा घालून घरी जायचं ठरलं. त्या वळशात एकट्या आयर्लंडच्या किनाऱ्यावर दोन डझनांच्या आसपास जहाजं गेली. त्यांतलंच एक गिरोना. शिडं आणि वल्ही दोन्ही असलेल्या या जातीच्या जहाजाला गॅलिअस म्हणत. सुकाणू बिघडलं म्हणून ते किलिबेग्ज बंदरात दुरुस्तीला थांबलं होतं. आधी फुटलेल्या जहाजांवरची माणसंही त्याच्यावर चढली. त्यांचा म्होरक्या अलोन्सो दे लेइवा. त्याच्या पायाखालची दोन जहाजं आधीच फुटली होती आणि दोन्ही वेळा तो जिवंत किनाऱ्याला लागला होता.

स्पेन गाठण्याची आशा सोडून सुमारे १,३०० माणसं घेऊन गिरोना स्कॉटलंडच्या दिशेने निघालं. ऑक्टोबरच्या अखेरीस वादळात सुकाणू पुन्हा मोडलं, वाऱ्याने जहाज किनाऱ्याकडे रेटलं आणि लकाडा पॉइंटच्या खडकावर त्याचे तुकडे झाले. वाचले ९. लेइवा त्यांत नव्हता.

ही जागा कॉजवेपासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. शेजारच्या छोट्या खाडीला स्थानिक लोक पिढ्यानपिढ्या 'पोर्ट ना स्पॅनियाह' म्हणत आले, म्हणजे स्पॅनिश माणसांची खाडी. पुस्तकी मंडळी अवशेष दुसरीकडे धुंडाळत राहिली. रोबेर स्तेनुई या बेल्जियन पाणबुड्याने गावकऱ्यांनी दिलेल्या नावांवर भरवसा ठेवला आणि १९६७ मध्ये तिथेच बुडी मारली. सोन्याची नाणी, साखळ्या, माणकं जडवलेला सोन्याचा सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा प्राणी) असं पुष्कळ वर आलं. एक अंगठीही निघाली. तिच्यावर एक हात हृदय धरून आहे आणि स्पॅनिशमध्ये कोरलंय, "याहून जास्त तुला द्यायला माझ्याकडे काही नाही." कोणीतरी निघताना दिलेली असणार.

आता गंमत बघा. हा ठेवा १९७२ मध्ये अल्स्टर म्युझियमने घेतला. म्हणजे ड्रुरीची चित्रं आणि ती अंगठी एकाच इमारतीत आहेत. मॅडमना जे चित्रात हवंय ते शेजारच्या दालनात मांडलेलं आहे! चित्राने सगळंच का सांगावं?

शिवाय ड्रुरी तिथे गेली तेव्हा गिरोना बुडून दीडशे वर्षं झाली होती. पानिपतच्या मैदानाचं आज कोणी बसून चित्र काढलं तर त्याने समोरचा ऊस काढायचा की प्रेतं?

वऱ्हाडी_ठेचा:

पानिपत आलं. आता हा धागा शंभरी गाठते बाप्पा.

कासवगती:

वाचतेय. अंगठीचा मजकूर वाचून इकडेच अडकले.

थर_आणि_भेगा:

मी निवृत्त भूगर्भवाला. नोकरीची बरीच वर्षं यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात काढली, त्यामुळे शिबल्याचं नाव दिसल्यावर राहवलं नाही. लांबेल, सांभाळून घ्या.

फळाखडू सर, तुमचा तट तुम्हाला वाटतो त्याहून भक्कम आहे. ड्रुरीच्या काळात हा दगड नेमका काय आहे हे कोणालाच ठरवता आलेलं नव्हतं. राक्षसाने समुद्र ओलांडायला बांधलेला रस्ता, ही तिथली दंतकथा. विद्वानांनी १६९० च्या दशकात त्या जागेची चित्रं काढवून छापली होती, पण त्यांवरून घरबसल्या अभ्यास करावा इतकी ती भरवशाची नव्हती. ड्रुरीच्या चित्रांना १७४० मध्ये डब्लिन सोसायटीने २५ पौंडांचं बक्षीस दिलं. मग फ्रान्स्वा व्हिवारेसने त्यांवरून ताम्रपट कोरले आणि १७४३-४४ च्या सुमारास त्यांचे छाप बाजारात आले. ते युरोपभर पोचले. ज्याला आयर्लंडला जाणं शक्य नव्हतं त्याच्या टेबलावर कॉजवे येऊन पडला.

त्यांतला एक माणूस म्हणजे निकोला देमारे. १७६३ मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागात हिंडताना त्याला जुन्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यात तसेच बहुकोनी खांब दिसले. आयर्लंडच्या खांबांची छापचित्रं त्याच्या ओळखीची होती. त्याने दोन्हींची सांगड घातली: हे खांब इथे लाव्ह्याचे आहेत, तर तिथलेही लाव्ह्याचेच. फ्रेंच विश्वकोशाच्या चित्रखंडात १७६८ मध्ये ड्रुरीवरून केलेलं कॉजवेचं चित्र छापलं गेलं आणि सोबतच्या मजकुरात त्याने हे मांडलं. तेव्हा बसाल्ट पाण्यात साचून बनतो असं मानणारा मोठा पक्ष होता. पुढे कित्येक वर्षं तो वाद चालला आणि शेवटी आगवाले जिंकले.

सांगायचा मुद्दा असा की ड्रुरीने कारण सांगितलं नाही. तिला ते माहीत असायचं कारणही नव्हतं. पण कोन चुकवले नाहीत, म्हणून दुसऱ्या देशातल्या माणसाला कारण सापडलं. तिने टर्नरसारखा धुरळा उडवला असता (निळाईताई, राग नको) तर देमारेला त्या चित्रात काय दिसलं असतं?

आता खांब होतात कसे. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, ते डोळ्यांसमोर आणा. ढेकूळ आकसतं, चहूबाजूंनी ताण येतो, जमीन फाटते. लाव्हाही आकसतो, फक्त तो सुकून नाही तर निवून. भेगा निवणाऱ्या पृष्ठभागावर सुरू होतात आणि थंडावा जसा आत उतरतो तशा आत आत जातात, म्हणून खांब तयार होतो. ताण सगळीकडे सारखा असेल तर तीन भेगा १२० अंशांत भेटतात आणि षटकोन पडतो. दगड प्रयोगशाळेत घडलेला नसल्याने पाच, सात, कधी चार आणि आठ बाजूही निघतात. सावकाश निवला तर जाड खांब, झपाट्याने निवला तर बारीक. रानातल्या भेगा मात्र पहिल्या खेपेला बहुधा काटकोनात मिळतात. तेच रान अनेकदा भिजून सुकलं की कोन हळूहळू १२० कडे सरकतात. पोरांना शेतात नेऊन कोनमापक लावायला सांगा, एक तास मजेत जाईल.

कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. वय साधारण ६ कोटी वर्षं. आपला दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाखांच्या आसपासचा, म्हणजे आपला थोडा थोरला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, तेही याच दख्खनी लाव्ह्याचे खांब.

मिऱ्याबंदर:

काका, एक शंका. दगड इतका सुबक फुटतो तर जहाजाला इतका वाईट का?

थर_आणि_भेगा:

त्याच कारणाने. भेगा आधीच पडलेल्या असतात. लाट त्यांत घुसते आणि खांबाचे ठोकळे सुटे करून ओढून नेते. त्यामुळे किनारा उताराचा होत नाही, कडा उभाच्या उभा राहतो आणि खाली पाण्यात दगडी पायऱ्या पुढे गेलेल्या असतात. लकाडा पॉइंट म्हणजे समुद्रात शिरलेली अशीच बसाल्टची सोंड. उत्तरेचं वादळ असेल तर सुकाणू नसलेल्या जहाजाला तिथे थांबायलाही जागा नाही.

सुरुंगवाला:

मी चित्रकलेतला माणूस नाही पण दगडातला हाये. आमचा बाप विहिरी खोदे, मंग म्या बी तेच केलं. आता बोअरच्या मशिनी आल्या त्यामुळे काम कमी झालं. वरून काळी माती, मंग मुरूम, मंग मांजऱ्या, मंग काळा पाषाण. काळा पाषाण लागला का सुरुंगाशिवाय इलाज नाही. पण कधी कधी काळ्या दगडाच्या खाली तांबड्या मातीचा पट्टा लागते आन् त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. आमचा बाप म्हणे, ही धरतीची जुनी पाठ व्हय. थे तांबडं काय असते, सांगान का साहेब?

आन् सर, खांबाचा दगड फोडाले मोठा बेकार. सुरुंगाची ताकद भेगीतून निंघून जाते.

थर_आणि_भेगा:

दादा, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात सांगितलं ते आम्ही परीक्षेत दोन पानं लिहीत असू. लाव्ह्याचा एक लोट आला, थंड झाला. पुढचा लोट यायला खूप काळ गेला. मधल्या काळात उघड्या दगडाची ऊन-पावसाने माती झाली, लोखंड गंजलं, ती लाल झाली. मग वरून नवा लोट आला आणि तिला भाजून झाकून टाकलं. खरोखर ती त्या वेळची जमीन, धरतीची जुनी पाठच. आम्ही त्याला 'रेड बोल' म्हणतो.

आणि ऐका, कॉजवेच्या मागच्या कड्यातही तसाच लाल पट्टा आहे, पण आपल्यापेक्षा पुष्कळ जाड. खालचे लाव्ह्याचे थर आधीचे. मग मोठी विश्रांती, त्यात गरम दमट हवेत दगड कुजून जांभा झाला. नंतर पुन्हा लाव्हा आला, नदीच्या दरीत साचला, सावकाश निवला. ज्यावर ती मंडळी फिरतायत ते खांब या दुसऱ्या खेपेचे.

सुरुंगवाला:

म्हंजे थेथचा विहीरवाला आन् आमी एकच दगड फोडू राह्यलो. मस्त.

मिऱ्याबंदर:

मी रत्नागिरीचा. तुम्हा घाटावरच्या... नाही, तुम्ही तर घाटाच्याही पलीकडचे. असो. किनाऱ्यावर राहणाऱ्याचं ऐका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं. मग ते तिथेच पडून राहिलं. सुरुवातीला आम्हीही धावत गेलो. नंतर बाहेरगावची माणसं यायला लागली, जहाज मागे ठेवून सेल्फी, लग्नाआधीचे फोटो, सगळं. भेळवाले आले. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, जहाजावरची माणसं सुखरूप होती. पण समजा नसती, तरी पाच-दहा वर्षांनी लोक आलेच असते. किनारा कोणाचं सुतक कायम पाळत नाही.

माझी आजी अलिबागकडची. तिचा भाऊ रामदास बोटीत होता. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, गटारीचा दिवस, सहाशेच्या वर माणसं गेली. आजीच्या घरात भावाचा फोटो होता, बोटीचं किंवा वादळाचं चित्र कधी लागलं नाही. समुद्राकडे तोंड करून ती रोज भांडी घासायची. तिला कोणी सांगितलं असतं की समुद्राचं चित्र काढताना बुडालेली माणसं दाखवायलाच हवीत, तर तिने तोंडावर हसून त्याला चहा दिला असता.

भीतीचं चित्र बहुतेक वेळा लांबून आलेला माणूस काढतो. वाईट काढतो असं नाही. पण ते त्याला वाटलेलं असतं, किनाऱ्याला नाही.

निळाई:

मिऱ्याबंदर, हे वाचून गप्प बसले होते थोडा वेळ. तरी सगळं मान्य नाही.

तुमची आजी तिथे राहत होती. ड्रुरी तिथे राहत नव्हती, तीही बाहेरूनच गेलेली. त्यामुळे तिला किनाऱ्याच्या बाजूने साक्षीला उभं करू नका. थर काका म्हणतात ते शास्त्राच्या उपयोगाचं, त्याबद्दल वाद नाही. पण उपयोगी असणं आणि चांगलं चित्र असणं या दोन गोष्टी आहेत. तलाठ्याचा नकाशाही उपयोगी असतो, तो आपण दिवाणखान्यात लावत नाही.

आणि जर दगडच महत्त्वाचा, तर ती टोप्या घातलेली माणसं कशाला? ती काढली नसती तर मी म्हटलं असतं, बरं, हिला फक्त दगड बघायचाय. माणसं काढायची आणि त्यांना मजेत फिरवायचं, हा निर्णय आहे. त्या निर्णयावर माझा आक्षेप आहे.

थर_आणि_भेगा:

माणसं मापासाठी, ताई. आम्हीही दगडाचा फोटो काढताना हातोडा ठेवतो. माणूस काढला म्हणून कळतं खांब गुडघ्याएवढा आहे की ताडाएवढा. मागच्या कड्यात १२ मीटरपर्यंतचे खांब आहेत. जवळ माणूस नसेल तर ते गवताच्या काड्याही वाटतील.

निळाई:

हातोडा झगा घालत नाही हो काका.

वऱ्हाडी_ठेचा:

😂 ताईनं सिक्सर मारला.

जुनीपानं:

झग्याचं उत्तर माझ्याकडे. त्या काळी पैसेवाले लोक मुद्दाम अशा जागा बघायला जायला लागले होते. ड्रुरीने ते नोंदवलं. छाप विकत घेणारेही त्याच वर्गातले, त्यांना स्वतःला चित्रात बघायला आवडत असणार. म्हणजे तो पर्यटनाचाही दस्तऐवज आहे. आज तिथे जगभरातून झुंडी येतात, १९८६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. मिऱ्याच्या भेळवाल्यांचे पूर्वज म्हणा.

आणि निळाई, तलाठ्याच्या नकाशाबद्दल: माझ्या काकांच्या बैठकीत फ्रेम करून लावलेला आहे. शेताची केस जिंकली होती.

चित्रवेडा_नागपूर:

गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ मध्ये. त्यांची चित्रं बघा, ना दगड ना जहाज, तरी समोर तासभर उभं राहावंसं वाटतं. तुम्ही सगळे "काय दाखवलंय" यावरच अडकलाय.

जुनीपानं:

अवांतर. पण वेगळा धागा काढा, नक्की येतो.

फळाखडू:

एवढी चर्चा होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देत बसत नाही, पुढे काय झालं ते लिहितो.

शनिवारी सकाळची शाळा आटपून पोरांना शिबल्याला नेलं. काही पालक मोटरसायकलींवर, काही पोरं सायकलवर, खिचडी शाळेतूनच बांधून घेतली. इतिहासाच्या मॅडमही आल्या, मी बोलावलं नव्हतं. नियम एकच ठेवला: आधी एका खांबाचा फक्त माथा काढायचा, बाजू बोटाने मोजून. तो जमला की शेजारचा. आकाश शेवटी, वेळ उरला तर.

अर्धा तास कोणी काही बोललं नाही, हेच माझ्यासाठी नवल. मग भांडणं सुरू झाली. "याले पाच हाये." "नाही बे, सहा. थो बारीक कोपरा पाय." एका पोरीने सात बाजूंचा शोधून काढला आणि तो आपला म्हणून त्याच्यावर दप्तर ठेवलं. एकही सूर्य दोन डोंगरांमधून उगवला नाही.

निळाईताई, तुमच्या आक्षेपाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण एक प्रश्न तिथे आला. आठवीतला एक कोलाम मुलगा, जो एरवी कागद कोराच देतो, त्याने विचारलं, "सर, माणूस नाही काढत. शेळी काढू का?" खरंच त्याची शेळी खांबावर चढून पाला ओढत होती. काढ म्हटलं. त्याने शेळी इतकी बेतशीर काढली की खांबाची उंची लगेच कळते. थर काका, हातोड्याऐवजी शेळी चालेल ना?

मॅडमनी नंतर दगडावर बसून पोरांना गिरोनाची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर दोन पोरांनी चित्राच्या कोपऱ्यात जहाज घातलं, शिबल्याच्या रानात! बाकीच्यांनी नाही घातलं. मी कोणाचंच खोडलं नाही. मॅडमचं मत बदललेलं नाही, माझंही नाही. आता पुढच्या खेपेला पाऊस पडून गेल्यावर जाऊ म्हणतात, दगड ओला बघायचाय त्यांना.

थर_आणि_भेगा:

शेळी उत्तम. फक्त एक विनंती, खांबाचा तुकडा आठवण म्हणून कोणी आणू नये आणि माथ्यावर ऑइलपेंटने नावं लिहू नयेत. पोरांनाच राखणदार करा, ती मोठ्यांपेक्षा कडक असतात.

सुरुंगवाला:

साहेब म्हंते ते बराबर. आन् सर, पावसात जाऊ नका, पाऊस उघडल्यावर जा. त्या दगडावर शेवाळ धरते, पोट्टे घसरतीन.

निळाई:

जहाज घातलेली ती दोन चित्रं मला बघायचीयत. धाग्यात टाका. शेळीचं तर टाकाच.

मॅडमना सांगा, त्यांच्या बाजूला मी अजून आहे. पण सात बाजू शोधणाऱ्या पोरीसाठी तुमच्या प्रिंटला माफ केलं.

फळाखडू:

टाकतो, नेटवर्क मिळालं की. ताई, एक कामाचं विचारतो. ओला दगड रंगवताना पोरं सरळ काळी बाटली उघडतात आणि चित्राला भोक पडल्यासारखं होतं. ड्रुरीचा दगड गडद आहे, तरी मेलेला नाही. पोस्टर कलरमध्ये काय करावं?

निळाई:

काळी बाटली दप्तरातच ठेवायला सांगा. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळा. निळा जास्त झाला की ओला दगड, तपकिरी जास्त झाला की कोरडा. माथा आणि बाजू एकाच रंगाने भरू नका. माथ्यावर आकाश पडतं, म्हणून तो फिका, थोडा पांढरा घालून. बाजू गडद. दोन खांबांमधली भेग सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने आणि सगळीकडे सारखी नाही; कुठे दाबून, कुठे सोडून. पोस्टर कलर वाळला की फिका पडतो, म्हणून आधी रद्दी कागदावर ठिपका लावून वाळू द्या.

आणि आकाशाला वेळ उरत नसेल तर कागद मोकळा सोडू दे. ड्रुरीला तुम्ही घेऊन बसलात, पण हे टर्नरकडून घ्या.

फळाखडू:

बर्न्ट अंबर वणीत मिळतो. प्रशियन ब्लूच्या बाटल्या यवतमाळहून मागवतो, मॅडम सोमवारी मीटिंगला जातायत, त्यांनाच सांगतो.